कच्चा लिंबू

लहानपणी वाड्यातल्या खेळात सर्वांत धाकट्याला कच्चा लिंबू म्हणून घेत असत. तो सगळ्यांबरोबर धावत असे, ओरडत असे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. चाळिशी ओलांडल्यावर, २०२१च्या जानेवारीत, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन संगणकीय खेळातल्या एका युरोपीय गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघात, मी उमेदवार म्हणून दाखल झालो, तेव्हा तोच प्रकार उलटा होऊन समोर आला. तिथे जुन्या खेळाडूची चूक हसण्यावारी जाते. उमेदवाराची मात्र लिहून ठेवली जाते.

या खेळाची सर्वांत अवघड पातळी म्हणजे मिथिक. तिथली प्रत्येक लढाई वीस जणांच्या हिशेबाने बेतलेली असते, म्हणून गिल्ड वीसपेक्षा चार-पाच माणसे जास्त बाळगते आणि निवडूनच घेते. अर्जात माझा अनुभव, इंटरनेटचा वेग, मायक्रोफोन आणि लढाई चालू असतानाचा स्क्रीनशॉट मागितला होता. आधीचे गिल्ड का सोडले, या प्रश्नावर मी जितका विचार केला, तितका नोकरीच्या अर्जावरही कधी केला नव्हता.

खरी कुंडली मात्र वेगळीच असते. प्रत्येक लढाईची नोंद ‘वॉरक्राफ्ट लॉग्स’ या संकेतस्थळावर चढते आणि तुमच्यासारख्या इतर खेळाडूंच्या तुलनेत तुम्हाला शंभरापैकी गुण आणि त्यानुसार रंग मिळतो, खालून वर असा: राखाडी, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी, नव्व्याण्णवला गुलाबी आणि शंभराला सोनेरी. माझे रंग बहुतेक जांभळे होते आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. पण मी हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा भरणारा, आणि हीलरचा रंग फसवा असतो; खेळाडू हुशार असले की मारच कमी खातात, आणि जी काही जखम होते तिच्यावर तीन-चार हीलर एकदम तुटून पडत असल्याने उशिरा पोचलेल्याचे श्रम भरल्या घागरीत पाणी ओतल्यासारखे वाया जातात. मुलाखत घेणाऱ्या ऑफिसरने, म्हणजे गिल्डच्या एका कारभाऱ्याने, रंगांबद्दल चकार शब्द काढला नाही. एका जुन्या लढाईत चौथ्या मिनिटाला मी मेलो, तेव्हा ‘ट्रँक्विलिटी’ हा माझा सर्वांत मोठा मंत्र न वापरता का मेलो, एवढेच त्याने विचारले. मी घाबरलो होतो, हे खरे उत्तर मी देऊन टाकले.

त्या दिवसांत ‘कॅसल नाथ्रिया’ या खेळातल्या किल्ल्यातल्या दहापैकी आठव्या शत्रूशी, स्लजफिस्टशी, आमचे युद्ध चालू होते. हा धिप्पाड राक्षस एकावर नजर रोखून धावत सुटतो आणि त्याला खांबावर आदळवायचे असते. असे खांब चारच. शिवाय तो खेळाडूंना दोघादोघांनी साखळीने बांधतो आणि जोडीदारापासून लांब गेले की दोघांचाही निकाल लागतो. तीन पायांच्या शर्यतीत निदान जोडीदाराचा खांदा हाताशी असतो. माझा जोडीदार फिनलंडमध्ये होता, आणि त्याची हालचाल माझ्या पडद्यावर क्षणभर उशिरा पोचत असे. एका रात्री तो उजवीकडे वळला, मी डावीकडे, आणि आम्ही दोघे मेलो. मागोमाग सगळेच मेले. आम्ही ज्यावर एकमेकांशी बोलत असू, त्या डिस्कॉर्डवर शांतता पसरली. मी म्हटले, चूक माझी, मी डावीकडे गेलो. रेड लीडर, म्हणजे लढाईचा म्होरक्या, “बरं, पुन्हा” एवढेच बोलला.

तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा, आणि लढाई संपायला साडेतीन वाजत. चारला उठणारे वडील मला स्वयंपाकघरात पाणी पिताना पाहत आणि लॉकडाउनमध्ये मुलाला पहाटे उठायची सवय लागली म्हणून खूष होत. तीन आठवड्यांनी अशाच एका पहाटे पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या बढतीची एक ओळ उमटली. सभासद झालो, हे सांगायला घरात जागे तेच होते. त्यांना काय सांगावे हे न सुचून मी चहाचे आधण दोघांचे ठेवले.

पुढच्या आठवड्यात संघाची यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. मला बाकावर बसवले होते. उमेदवाराला पारखायचे असते, म्हणून त्याला खेळवावेच लागते. न विचारता बसवता येते ते घरच्या माणसाला. मी निमूट संगणक बंद केला आणि सकाळी आठपर्यंत गाढ झोपलो. उठलो तर वडील कपाळाला हात लावून बघत होते.

“बरं नाही का रे?”