पिल्लाची हगवण: शी नंतर पाहा, आधी पिल्लू पाहा

गावात पिल्लू आणलं की पहिल्या आठवड्यात त्याचं पोट बिघडणारच, असं धरून चालतात. आपण वागतोही तसंच. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडायचं, घरी आणून वाटीभर गाईचं दूध आणि त्यात चार ग्लुकोज बिस्किटं कुस्करून द्यायची. दुसऱ्या दिवशी अंगणभर पातळ शी. अशी बहुतेक पिल्लं दोन दिवसांत सावरतात. पण अगदी असंच सुरू होऊन दोन दिवसांत मरणारी पिल्लंही असतात, आणि पहिल्या काही तासांत दोघांची शी सारखीच दिसू शकते. म्हणून शीचा रंग नंतर बघा. आधी पिल्लू बघा.

हाक मारल्यावर ते शेपूट हलवत येतं का? भावंडांशी, चपलेशी खेळतं का? पाणी पितं का? तिन्ही हो असेल तर घरी 24 तास सांभाळून बघायला हरकत नाही. कोपऱ्यात मान टाकून बसलं असेल तर शी कितीही बरी दिसो, ते पिल्लू आजारी आहे.

मग ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओली हवी. बोटानं दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. गावठी पिल्लांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात. तिथे जीभ किंवा खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. बोटाला हिरडी कोरडी, चिकट लागली तर अंगातलं पाणी बरंच गेलंय. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची तपासणी सगळ्यांना माहीत असते, पण रोडक्या आणि फार लहान पिल्लात ती फसवते. हिरडीवर जास्त विश्वास ठेवा.

ताप हात लावून कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला खोबरेल तेल, आणि गुदद्वारात जेमतेम एक इंच. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 103.5 च्या वर गेलं तर काळजीच आहे, पण 99 च्या खाली आलं तर जास्त काळजी. थंड पडलेल्या पिल्लाला लोक आधी दूध पाजायला जातात, ते चूक आहे. गार अंगात आतडं काम करत नाही, पाजलेलं तसंच पडून राहतं किंवा उलटून श्वासनळीत जातं. आधी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवून हळूहळू ऊब द्या, पाजणं नंतर. चुलीपुढे ठेवू नका, कातडी भाजते.

आता निघायचं कधी, हे ठरवू. दोनपेक्षा जास्त उलट्या, शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, पोट ढोलासारखं ताणलेलं, पिल्लू सहा आठवड्यांच्या आतलं, किंवा सुस्ती: यातलं एकही दिसलं की घरी थांबायचं नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘एक दिवस वाट पाहा.’ ते दवाखाना पाच मिनिटांवर असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे तालुका वीस-तीस किलोमीटर आणि शेवटची एसटी संध्याकाळची. दुपारी शंका आली तर दुपारीच निघा. रात्रभर पाणी गमावलेल्या दोन किलोच्या पिल्लाला सकाळी शीर सापडणंही कठीण होतं. निघण्याआधी फोन करून विचारा, लहान कुत्र्याला सलाइन लावायची सोय आहे का, पार्व्होची (विषाणूनं होणाऱ्या जीवघेण्या हगवणीची) तपासणी पट्टी आहे का. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम मुख्यतः गाई-बैलांचं, त्यामुळे हे विचारलेलं बरं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक 1962, तिथूनही जवळ कोण उपलब्ध आहे ते कळू शकतं. प्रकरण हाताबाहेर वाटलं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था ही आपल्या विदर्भातली मोठी ठिकाणं. जाताना ताज्या शीचा नमुना धुतलेल्या छोट्या डबीत घ्या. त्याशिवाय जंत, की कॉक्सिडिया, जिआर्डिया असे डोळ्यांना न दिसणारे आतड्यातले परजीवी, हे सांगता येत नाही. वाळलेली, दिवसभर उन्हात पडलेली शी उचलून नेऊ नका.

पिल्लू हुशार आहे, घरीच सांभाळायचंय, तर पहिली चूक टाळा: उपाशी ठेवू नका. ‘पोटाला आराम द्या’ हा सल्ला मोठ्या कुत्र्यांसाठी आहे. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा इतका थोडा असतो की काही तास रिकामं राहिलं तरी रक्तातली साखर उतरते. पाय लटपटतात, अंग थरथरतं, नजर एकटक होते. असं दिसलं की बोटावर मध किंवा दाट साखरपाणी घेऊन हिरडीला चोळा आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, फक्त चोळा. एखादीच उलटी झाली असेल तर दोन-तीन तास अन्न थांबवा. तेवढंच. त्या काळात घोट-घोट पाणी चालू राहू द्या.

पाण्यासाठी मेडिकलमधलं ओआरएसचं साधं पाकीट घ्या. एक लिटरचं पाकीट असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं. ‘एवढ्याशा जिवाला एवढं कशाला’ म्हणून ग्लासभर पाण्यात अंदाजानं चिमूटभर टाकतात, तिथेच बिघडतं. मिश्रण दाट झालं की ते आतड्यातून पाणी शोषलं जाऊ देत नाही, उलट आतड्यात पाणी ओढतं आणि हगवण वाढते. खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय नको. ‘शुगर फ्री’ तर मुळीच नको. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची साखर झपाट्यानं उतरते आणि यकृतही खराब होतं. पाकीट मिळेपर्यंत घरचं चालेल: एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यात पोटॅशियम नसतं, म्हणून ते फक्त तेवढ्या वेळेपुरतं. दोन्ही द्रावणं 24 तासांनी फेकून द्यायची. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की त्याहून आधी.

दोन किलोच्या पिल्लाला पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी 5 मिली. पोटात टिकलं तर दर अर्ध्या तासाला 10 मिली. दिवसाला साधारण 200 मिली ही त्याची नेहमीची गरज झाली, हगवणीतून जातं ते वेगळं. वाटीतून पितं तर उत्तम. नाही तर सुई काढलेली 5 मिलीची सिरिंज गालाच्या आत, दाढांच्या बाजूला लावा, डोकं सरळ ठेवा आणि एकेक मिली सोडा. गिळलेलं दिसलं की पुढचं. मान वर करून घशात ओतलं की पाणी फुप्फुसात जातं, आणि हगवणीतून वाचणारं पिल्लू न्यूमोनियानं जातं. घोट घेताच उलटी होत असेल तर तोंडानं देणं थांबवा, त्याला सलाइनच हवं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल, जबडा लोंबत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. रेबीज पिल्लांनाही होतो आणि औषध पाजताना ओरखड्याला लागलेली किंवा डोळ्या-तोंडात गेलेली लाळ माणसाला पुरते. लाळ लागलीच तर ती जागा साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.

खाण्याचं सांगताना पहिलं वाक्य एकच: दूध बंद. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी. गाईच्या दुधातलं जास्तीचं लॅक्टोज पिल्लाला पचत नाही. ते आतड्यात राहून पाणी ओढतं, आंबतं, पोट गुडगुडतं. पाणी घालून पातळ केलं तरी हगवण थांबत नाही, आणि वर अन्नही पातळ होतं. ताज्या दह्याचा चमचाभर चालतो, त्यात लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं. फोडणीचं, मीठ-जिऱ्याचं ताक नको.

भंडारा-गोंदियाकडे घरात तांदळाच्या कण्या असतातच. एक वाटी कण्या पाच वाट्या पाण्यात अगदी गिचका होईपर्यंत शिजवा. त्याच्या निम्म्यानं बिनहाडाची, बिनकातडीची कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून बारीक पिंजून घाला. मीठ, हळद, तेल काही नाही. कोंबडी चालत नसलेल्या घरात उकडलेलं अंडं, तेही चालत नसेल तर घट्ट पिळलेलं घरचं पनीर. ज्वारीची भाकर चांगली, पण तिचा कोंडा या दिवसांत नको. उकडून कुस्करलेलं कोहळं (लाल भोपळा) जेवणागणिक एक चहाचा चमचा घातलं तर शी बांधायला मदत होते. दोन किलोच्या पिल्लाला एका वेळी दीड मोठा चमचा, दिवसातून सहा वेळा. दुसऱ्या दिवशी शी घट्ट होऊ लागली की दीडपट. शी सुधारली की लोक आनंदानं पोटभर घालतात आणि तिसऱ्या दिवशी हगवण परत येते. हे फार वेळा होतं. या भातात कॅल्शियम जवळपास नसतं, म्हणून तीन-चार दिवसांपेक्षा जास्त चालवू नका. नेहमीचं खाणं रोज पाव भाग वाढवत चौथ्या दिवशी पूर्ण करा.

आता जंत. पिल्लाचं पोट फुगलेलं, अंग रोड, केस राठ आणि शी कधी पातळ कधी बरी, असं असेल तर जंत आहेत असंच समजा. गोल जंत आईच्या पोटातच गर्भात जातात आणि आकडे-जंत दुधातून. त्यामुळे ‘आमचं पिल्लू बाहेर गेलंच नाही’ याला अर्थ नाही. औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, सोबत आईलाही. पायरँटेल किलोला 5 मिलिग्रॅम, किंवा फेनबेंडाझोल किलोला 50 मिलिग्रॅम रोज एकदा असं सलग तीन दिवस. बाटलीवर मिलीला किती मिलिग्रॅम ते वाचल्याशिवाय देऊ नका, आणि वजन अंदाजानं धरू नका. पिशवीत घालून किराण्याच्या काट्यावर दोन मिनिटांत वजन होतं. कोठ्यातल्या गाईच्या जंतनाशकातलं ‘थोडंसं’ पाजणं आणि गोचिडांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन टोचणं, या दोन गोष्टींनी पिल्लं मरतात. उलट्या चालू असताना जंताचं औषध नको. काळी शी आणि पांढऱ्या हिरड्या असतील तर आकडे-जंतांनी रक्त पिलंय, तिथे नुसती गोळी पुरत नाही. औषधानंतर दिवस-दोन दिवस शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नका. ती शी लगेच उचलून खोल पुरा, अंगणात लेकरं खेळतात. गोल जंताची अंडी माणसाच्याही अंगात शिरतात.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये कपाशी-सोयाबीनवर फवारणी असते. तेव्हा हगवणीसोबत तोंडातून लाळेची धार, डोळ्यांत पाणी, बारीक झालेली बाहुली, अंगाला थरथर दिसली तर पोट बिघडलेलं नाही, विष आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं दगावली, तिथे दोन किलोच्या पिल्लाचा काय पाड. ते पंपाखालचं डबकं चाटतं, औषधाची रिकामी बाटली चावतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तूप-दूध ओतू नका. अंगावर उडालं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा आणि बाटलीचं लेबल घेऊन दवाखान्यात जा. रंग लावलेलं बियाणं, उंदराचं औषध हेही तसंच. आणि ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. सरकीच्या ढेपेतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कुत्र्याला सोसत नाही, खत म्हणून आणलेली एरंडीची ढेप तर थेट जीवघेणी आहे, आणि तिच्या वासानं कुत्री ओढली जातात. पोतं उंचावर ठेवा.

घरातल्या गोळ्यांचं थोडक्यात: हगवण थांबवणारं लोपरामाइड नको, विषाणू किंवा जिवाणूची घाण आतच कोंडते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं नको, पोटात जखमा होतात आणि किडनी जाते. कोणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी गोळीही नको.

सगळ्यांत वाईट तो पार्व्हो. सहा आठवडे ते सहा महिने या वयात जास्त. आधी सुस्ती आणि उलटी, मग एक-दोन दिवसांत अतिशय घाण वासाची, बहुधा रक्ताळलेली हगवण. विषाणू मारणारं औषध नेहमीच्या दवाखान्यात नसतं. सलाइन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि काळजी यांवरच पिल्लं जगतात, पण वेळेत आणली तर पुष्कळ जगतात. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. एका डोसवर थांबू नका, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निकामी करू शकते. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. खिशात घालून आणलेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं. आणि आजारी पिल्लाला लस नको, आधी बरं होऊ द्या.

पार्व्होचा विषाणू फिनाइलनं मरत नाही. ब्लीच लागतं: एक लिटर पाण्यात 30 मिली, आधी शी पूर्ण उचलून, धुऊन, मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळाली तर लिटरला दोन चहाचे चमचे. त्यात फिनाइल किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. हे फरशीला आणि भांड्यांना चालतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ब्लीच शेणातच मरतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. तिथे वरचा थर खरवडून खोल पुरा आणि जागा कडक उन्हात उघडी टाका. सावलीतल्या ओल्या मातीत तो वर्षभरही टिकतो. बरं झालेलं पिल्लूही पुढे दोन आठवडे शीतून विषाणू टाकत राहतं, तोवर त्याला गल्लीत सोडू नका. आणि त्या अंगणात वर्षाच्या आत नवं पिल्लू आणायचं तर लसीचे सगळे डोस झालेलंच आणा.