चमकणारे बूट

आज लेक शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, उद्या ते लाइटवाले बूट नको." दिवाळीला हट्ट करून घेतलेले बूट! कारण विचारलं. शाळेत लॉकडाऊन ड्रिल होतं, म्हणजे बंदूकधारी शाळेत घुसला तर कसं लपायचं याचा सराव. दिवे बंद, दाराला कडी, सगळी मुलं कोपऱ्यात चिडीचूप. हिने पाय हलवला आणि बूट चमकले. "खरा बंदूकवाला असता तर त्याला आम्ही दिसलो असतो ना?"

सात वर्षांची आहे. पोटात गोळा आला.

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत, शाळांना असं सुरक्षा ड्रिल दर महिन्याला घ्यावंच लागतं. २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. ती मुलं हिच्याच वयाची, सहा-सात वर्षांची. त्यानंतरही संसदेत बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीचं विधेयक पडलं. तेव्हा वाटलं होतं, आता काही होणार नाही.

पण त्या आईवडिलांनी पिच्छा सोडला नाही. फ्लोरिडातल्या पार्कलँडची शाळकरी पोरं त्यांच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये रस्त्यावर उतरली. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, जून २०२२ मध्ये, बंदुकांबाबतचा जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला आणि २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची तपासणी कडक झाली. अपुरा आहे, मला मान्य आहे. तरी झाला, आणि दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला.

रात्री आमच्या आमदारांना पत्र लिहिलं. बूट दारातच आहेत, उद्या तिला तेच घालणार आहे.