चांदणी: कासरा हातात घेतल्यापासून 85 दिवस

चांदणी आली तेव्हा पाच महिन्यांची होती, आता आठ महिन्यांची होत आली आहे. कालवड पाळून प्रदर्शनात उतरवायची ही माझी पहिलीच खेप, म्हणून वहीत रोज दोन ओळी लिहिते. त्यातलं नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कामी येईल ते इथे मांडते.

पहिले 21 दिवस तिला बाकी जनावरांपासून वेगळं बांधलं. शेण तपासून मगच डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लसी पूर्ण केल्या. एवढी कळ काढाच. बाहेरून आलेल्या जनावरासोबत काय येईल, ते दिसायला दिवस लागतात.

वजनकाटा नाही, त्यामुळे टेपवरच भागवते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशेजारच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, की अंदाजे किलो निघतात. आली तेव्हा घेर 46 आणि लांबी 40, म्हणजे 128 किलो. काल 52 आणि 46, म्हणजे 188. रोजची वाढ 700 ग्रॅमच्या आसपास पडते आणि मला तेवढीच हवी आहे. या वयात खुराक चढवून कालवड गुबगुबीत केली, तर कासेत चरबी भरते आणि पुढे दुधाला मार बसतो. बरगडीवरून हात फिरवला की बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून डोळ्यांत भरू नयेत. मोजमाप मात्र दर वेळी सकाळी, वैरण टाकायच्या आधी आणि ती चारही पायांवर सरळ उभी असतानाच घ्या. मान खाली घातली तरी आकडा हलतो.

आता मुख्य गोष्ट, चालणं. पहिला आठवडा नुसती म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीची दोरी, चढवून ठेवली, तीही मी समोर असतानाच. मग रोज पंधरा मिनिटं खांबाला बांधलं. दोर तिच्या डोक्याच्या उंचीवर आणि आखूड, गाठ एका ओढीत सुटेल अशी. या वेळात तिथून हलायचं नाही, कारण घाबरलेलं वासरू दोरात पाय अडकवून घेतं.

एकोणिसाव्या दिवशी पहिल्यांदा कासरा धरून बाहेर काढलं, तर दाराशीच चारही खूर रोवून थांबली. मी ओढलं तशी ती मागे रेलली. दहा मिनिटं हेच चाललं, माझे तळवे लाल झाले. मामा बघत होते. म्हणाले, "अगं, ओढू नकोस. नुसतं ताणून धर. तिनं पाऊल उचललं की त्याच क्षणी ढील दे."

तसंच धरलं. बराच वेळ काही नाही. मग तिचा एक कान माझ्याकडे वळला, मान थोडी पुढे आली आणि डावा पुढचा खूर वीतभर सरकला. मी कासरा सैल सोडला. तिने जोरात श्वास सोडला, नाक चाटलं. दुसऱ्या पावलाला निम्मा वेळ लागला. त्या दिवशी सहा पावलं झाली आणि मी तिथेच थांबले. ताण सुटतो तो पाऊल टाकल्यावर, हे एकदा तिला उमगलं की पुढचं शिकवणं सोपं जातं. उशीर तेवढा नको. दोन क्षण उशिरा ढील दिली, तर तिला नेमकं कशाचं बक्षीस मिळालं ते कळत नाही.

आणखी एक. गाईचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे तिला जवळजवळ 330 अंशांतलं दिसतं, पण अगदी मागचं दिसत नाही आणि खोलीचा अंदाज कच्चा असतो. चांदणी उन्हातून सावलीत जाताना त्या रेघेपाशी अडायची. आता तिथे मी थांबते, तिला मान खाली घालून हुंगू देते. मग ती आपणच ओलांडते.

चाळिसाव्या दिवशी माझी चूक झाली. जुना खुराक संपला आणि नवा एकदम पूर्ण घातला. दोन दिवस शेण पातळ, आंबूस वासाचं, रवंथही कमी. पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. आता कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा मिसळून करते. सुकी वैरण आधी, खुराक नंतर.

खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, रोज; आंघोळ आठवड्यातून एकदाच. अंगावरची चमक खराऱ्याने येते, साबणाने नाही.

सध्या उभं राहण्याचा सराव चालू आहे: पाय चौकोनात, मान वर, पाठीची रेघ सरळ. परीक्षक अंगावर हात फिरवतील, म्हणून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवायला लावते. पाणीही बादलीतूनच पाजते, कारण नव्या जागी पाण्याचा वास वेगळा आला की जनावरं तोंड लावत नाहीत आणि ओळखीची बादली तेवढा धीर देते. खूर प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी साळून घेणार, म्हणजे कुठे दुखलंच तर भरून यायला वेळ राहील.

पुढचं काम टेम्पोत चढण्याचं. आज फळी नुसती जमिनीवर आडवी टाकली. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली, पुढचे दोन पाय वर ठेवले आणि तिथेच रवंथ करत उभी राहिली.