गुटगुटीत बाळाचं हिमोग्लोबिन ७.२

तक्रार एवढीच होती, की पोरगं काही खात नाही. वय १४ महिने, वजन १० किलो २०० ग्रॅम. वाढीच्या तक्त्यावर बरोबर मधल्या रेषेवर. गाल भरलेले, मांड्यांना वळ्या. अशा मुलाला ओपीडीत बघितलं की कुणालाही बरं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. खालची पापणी ओढली तर आतला भाग जवळजवळ पांढरा. तळहात फिके, नाडी जलद. आई म्हणाली, भिंतीचे पोपडे काढून खातो.

रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन ७.२, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ५८, तांबड्या पेशी ४२ लाख, म्हणजे ४.२ दशलक्ष. एमसीव्हीला पेशींच्या आकड्याने, म्हणजे ४.२ ने भागलं तर १३.८ येतं. हा भागाकार १३ च्या वर गेला की आधी लोहाची कमतरता धरायची आणि खाली आला की थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकाची शंका घ्यायची. पक्कं निदान त्याने होत नाही, पण दिशा मिळते. आणि ते पोपडे खाणंही लोहाच्या कमतरतेकडेच बोट दाखवत होतं.

आधीच्या चिठ्ठ्यांवर दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतून भूक वाढवण्याचं सिरप लिहिलेलं होतं. या सिरपचा मला राग आहे. मूल चोवीस तासांत काय काय पितं हे न विचारता भुकेचं औषध लिहून देणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी टाळाटाळ आहे.

आजीने पिशवीतून बाटली काढली, ती मी हातात घेतली. निपलचं भोक तापलेल्या सुईने मोठं केलेलं, जवळपास ज्वारीच्या दाण्याएवढं. बूच उघडलं तर आतल्या आट्यांमध्ये पिवळट साय साचलेली, आंबूस वास, तळाला बिस्किटाचा चिकटा. मग हिशेब मांडला. झोपताना एक बाटली, मग बाराला, अडीचला आणि पहाटे पाचला. प्रत्येकीत १५० मिली म्हशीचं दूध, ५० मिली पाणी, दोन चमचे साखर. बिस्किट सोडा, नुसत्या दुधासाखरेच्याच साडेसातशे कॅलरी होतात, आणि या वयाची दिवसभराची गरज साधारण हजार. दिवसाच्या दोन बाटल्या वेगळ्याच. या मुलाला सकाळी भाताचा घास नको वाटतो यात आश्चर्य काय?

आजी म्हणाल्या, "म्हशीचं दूध हाय डॉक्टर, पावडरीचं न्हवं." त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम असतं आणि मुलाला रोज ८ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. वजन वाढतं, रक्त वाढत नाही. वर्षानंतर दूध दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे, त्याहून जास्त म्हणजे जेवणाच्या जागेवर अतिक्रमण.

वरचा ओठ उचलून पाहिला. वरच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ. ही किडीची पहिली पायरी. खालचे दात स्वच्छ, कारण बाटली तोंडात असताना जीभ त्यांच्यावर असते आणि लाळही तिथेच साचते. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे वरच्या दातांवरचं गोड दूध धुतलं जात नाही.

१९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटलीची जाहिरात बंद केली, ते उत्तमच झालं. पण घरात आलेली बाटली बाहेर कशी काढायची हे सांगायला कुणी नाही. 'रात्रीचं दूध बंद करा' एवढं म्हणून पुढचा पेशंट घेतला, तर त्या रात्री दोन वाजता काय होतं? हे कुटुंब इचलकरंजीतलं, एका खोलीत राहणारं. वडील यंत्रमागावर, पाळी आठवड्याला बदलते. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. पोरगं दहा मिनिटं रडलं की पलीकडून थाप पडते आणि आजी बाटली भरते. म्हणून सुरुवात वडिलांच्या दिवसपाळीच्या आठवड्यात ठरवली, म्हणजे रात्री घरात एक जास्तीचा माणूस. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायला लावलं.

पहिल्या काही रात्री दूध तेवढंच, फक्त साखर दोनावरून एक, मग अर्धा, मग शून्य. बिस्किट पहिल्याच दिवशी बंद. निपल नवीन, कंपनीच्या भोकाचं. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मोठ्या भोकातून दूध आपोआप घशात उतरतं आणि झोपेतच २०० मिली संपतं. लहान भोकातून ओढावं लागतं. मग मूल थकून मध्येच सोडतं, आणि त्याला खरी भूक किती आहे ते कळतं.

त्यानंतर रात्रीच्या तिन्ही बाटल्या एकदमच कमी करायच्या, दर दोन रात्रींनी ३० मिली. २००, १७०, १४०, असं ५० पर्यंत. पन्नासला आलं की ती बाटली द्यायचीच नाही, नुसतं थोपटायचं. एकच बाटली आधी तोडली की मूल पुढच्या बाटलीत भरपाई करून घेतं आणि घरचे म्हणतात, उपाय लागू पडत नाही. झोपतानाचं दूध वेगळं हाताळायचं: झोपेच्या अर्धा-पाऊण तास आधी, दिवा चालू असताना, मांडीवर बसवून, स्टीलच्या छोट्या पेल्यातून. मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासायचे आणि मगच अंथरूण. रात्री प्रत्येक मूल अनेकदा अर्धवट जागं होतं. जे तोंडात घेऊन झोपलं तेच ते पुन्हा शोधतं, म्हणून निपल तोंडात असताना डोळा लागू द्यायचा नाही.

अवघड दिवस मधले. रात्रीचं दूध निम्म्यावर आलेलं असतं, पण सकाळची भूक अजून जागी झालेली नसते. मूल दोन-तीन दिवस चिडचिडं होतं, जेवणही वाढत नाही, आणि नेमकी इथेच बाटली परत येते. आजींनी विचारलंच, "पोरगं रातभर उपाशी ठेवायचं व्हय?" त्यांना सांगितलं, आज्जी, उपाशी नाही, जेवणाची वेळ रात्रीतून दिवसात आणायची. दिवसा तीन-चार जेवणं, मध्ये एखादा खाऊ: अंडं, मऊ कलेजी, डाळभातावर लिंबू, नाचणीची पेज. चहा अजिबात नाही. आणि मध्येच ताप आला, तर आहे त्या मापावर थांबायचं आणि बरं वाटल्यावर तिथूनच पुढे.

हे सगळं वर्ष ओलांडलेल्या, वजन नीट असलेल्या, वरचं दूध पिणाऱ्या मुलासाठी. अंगावर पिणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा, आणि वजन कमी असलेल्याचं रात्रीचं दूध तपासल्याशिवाय तोडू नये.

लोह किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३०, सकाळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत, दुधापासून निदान तासभर लांब, ड्रॉपरने गालाच्या आत मागे. नाहीतर दात काळे पडतात. बाटलीवर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती ते वाचून मिली ठरवायचे. औषधातल्या लोहाच्या क्षाराचं वजन आणि त्यातल्या लोहाचं वजन यांत गल्लत झाली की मुलाला मात्रा अपुरी पडते. आणि घरात फळीवर काय होतं? सरकारी लोहाचं सिरप, आशाताईंनी दिलेलं, सहा महिन्यांपुढच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा १ मिली, २० मिलिग्रॅम लोहाचं. एकदा दिलं, शी काळी झाली, घाबरून बंद केलं. शी काळी होतेच, त्यात काही बिघडत नाही, एवढं एक वाक्य बाटलीसोबत कुणी दिलं नव्हतं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ८.९. पोपडे खाणं त्याआधीच थांबलं होतं. आजी स्वतः सांगत होत्या, आता भाकरी दुधात नको म्हणतो, आमटीत मागतो. लोह अजून चालू आहे, आकडा नॉर्मल झाल्यावरही दोन-तीन महिने द्यायचं. दातांना फ्लोराइड वार्निश लावून घ्यायला पाठवलं.

डोक्यातून जात नाही ते त्याचं लसीकरणाचं कार्ड. प्रत्येक तारखेला वजन लिहिलेलं, प्रत्येक वजन चांगलं. इतक्या वेळा तो कुणा ना कुणा आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात होता आणि रात्रीचं कुणी विचारलं नाही, कारण छापील केसपेपरवर तसा रकानाच नाही. आमच्याकडे ९ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लशीला सिस्टर आता विचारतात. 'रात्री बाटली देता का?' याला 'कधीतरी' असं उत्तर येतं. 'रात्री दूध गरम करायला कोण उठतं?' असं विचारलं की नाव कळतं, वेळा कळतात, चमचेही कळतात. आणि ज्याचं नाव कळतं, त्यालाच पुढच्या वेळी सोबत आणायला सांगायचं.