उंबर, तांबट आणि 104 वे स्तोत्र

25 मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला. सकाळी अकरालाच रस्ते ओस पडतात, कूलरमधून गरम वारा येतो. पहाटेच्या कौटुंबिक प्रार्थनेत आज बायबलमधले 104 वे स्तोत्र होते. लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्यातला क्रम आजच ध्यानात आला. देव खोऱ्यांत झरे सोडतो आणि पहिल्यांदा पाणी पितात ती रानातली जनावरे, रानगाढवे. माणसाच्या भाकरीचा उल्लेख त्यानंतर येतो. पुढे खडकात शाफानाला घर मिळते. हा सशाएवढा प्राणी मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्ध म्हटलेला, माणसाच्या ताटात न चालणारा. तरी देवाने त्याची जागा राखलेली आहे! सिंहाचे छावेही रात्री गर्जना करून देवाकडेच अन्न मागतात.

गल्लीच्या तोंडाशी उंबर आहे. या दिवसांत आजूबाजूचे गवत जळून गेलेले असते आणि याच्या खोडाला लालसर फळांचे घोस लगडलेले असतात. तांबट, बुलबुल, कधीमधी धनेश, अंधार पडल्यावर वटवाघळे, सगळ्यांची पंगत तिथे. फळाच्या आत चिलटाएवढा कीटक वाढतो. तोच याचे परागीभवन करतो, म्हणून झाडाचे त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याचे झाडावाचून. देव आकाशातून घास टाकत नाही, एकाच्या हातून दुसऱ्याला देतो, असे मला हे पाहून फार वाटते. 'आकाशातील पाखरांकडे पाहा' असे प्रभू येशू म्हणाला, ते अगदी शब्दशः घ्यावे. बघायला वेळ काढावा.

दुपारी स्टीफन हिस्लॉप यांची आठवण झाली. ज्यांच्या नावाने 1883 साली आपले हिस्लॉप कॉलेज निघाले, ते. 1845 मध्ये ते स्कॉटलंडहून सुवार्ता घेऊन नागपुरात आले, आणि त्याच हातात भूगर्भशास्त्राची हातोडीही होती. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळे, बिया सापडल्या, दगड झालेल्या. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. एक थर वाहून निवला की त्यावर तळी साचत, झाडे उगवत, गोगलगायी चरत, आणि पुन्हा दुसरा थर येई. त्या दोन आगींच्या मधल्या तळ्यांना पाहायला एकही माणूस नव्हता. स्तोत्राच्या 30 व्या वचनात आहे की तू आत्मा पाठवतोस आणि भूमीचे मुख नवे करतोस. त्या गोगलगायींसाठीही ते खरे होते, असा माझा विश्वास आहे.

मात्र 29 वे वचनही खोडता येत नाही. तू मुख लपवलेस की ते घाबरतात, तू श्वास काढून घेतलास की मातीला मिळतात. उन्हाने पडलेली पाखरे मीही उचलली आहेत. त्यांचे उत्तर मला सापडलेले नाही. पण स्तोत्रकर्त्याने तेही देवासमोरच मांडले, दुसरीकडे नेले नाही, एवढ्यावर माझे मन टिकते.

रविवारच्या उपासनेत आम्ही पावसासाठी प्रार्थना करतो ती शेतकऱ्यांसाठी आणि नळाच्या पाण्यासाठी. ते हवेच. यंदा पाळकसाहेबांना विचारणार आहे, त्यात गोरेवाड्याच्या जंगलातल्या जनावरांचीही नावे घ्याल का? नाहीतर मागण्या वाचायची पाळी माझ्यावर येईल तेव्हा मीच घेईन.