आमची वाटचाल : चार ओळींचं काम

नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देत आमची फर्म उभी राहिली. त्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. जीएसटी आला, फॉरमॅट बदलले, आम्हीही बदललो. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे भाषा मॉडेलने आपल्या कोडमधलं काम मागण्याची सोय, दिली आणि त्याच जुन्या कोडला एजंट (मॉडेलवर चालणारा, सांगितलेलं काम करणारा मदतनीस) जोडता येऊ लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी, म्हणजे अशा जोडणीचं सामायिक मानक, आलं, जोडणी आणखी सोपी झाली. टूल म्हणजे एजंटला वापरायला दिलेलं कोडमधलं एकेक काम. त्याचं वर्णन लिहिणं मात्र सोपं झालं नाही, आणि त्यातच आम्ही बुडता बुडता राहिलो.

कळमन्यातले एक संत्रा व्यापारी आमचे अगदी पहिले ग्राहक. त्यांच्या 'गाडी_बुक' टूलमध्ये एक पॅरामीटर, म्हणजे भरायचा रकाना, होता : 'प्रमाण', प्रकार नंबर, वर्णन 'मालाचे प्रमाण'. बस. त्यांच्या माणसाने टाइप केलं, 'उद्या ४० पाठव'. मॉडेलला आपला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि स्कीमा (कुठल्या रकान्यात काय भरायचं त्याचा आराखडा) एवढंच दिसतं. शेजारच्या 'भाव_पाहा' टूलमध्ये 'प्रति टन' लिहिलेलं होतं, सगळ्या यादीत एकक म्हणून तेवढंच. मॉडेलने ४० टन धरले. सकाळी दहा-दहा टनांच्या चार गाड्या दारात, आणि माल ४० कॅरेट, म्हणजे त्यांच्या हिशोबाने ८०० किलो. एका पिकअपचं काम.

"भाऊ, आठशे किलोला चार गाड्या?" एवढंच ते बोलले. भाडं आम्ही भरलं.

शहरातल्याच दुसऱ्या एका फर्मने याचा गाजावाजा केला. 'यांचं मॉडेल स्वस्तातलं, मोठं घ्या' असं सांगून आमचे तीन ग्राहक नेले. एककच दिलेलं नसेल तर मोठं मॉडेलही अंदाजच बांधणार, फक्त जास्त पैसे घेऊन. 'वर्णनात काय, चार ओळी तर लिहायच्या' हे त्यांचंच वाक्य. दोन महिने पगार अडकले. कळमन्याचे भाऊ तेवढे थांबले.

मग त्या चार ओळींनाच हात घातला. 'प्रमाण'चं 'वजन_किलो' केलं, कारण एकक नावातच असलं की ते नजरेतून सुटत नाही. वर्णन असं झालं : 'मालासाठी गाडी बुक करते. भाडं फक्त विचारायचं असेल तर भाडे_पाहा वापरा. वापरणाऱ्याने कॅरेट सांगितले तर एक कॅरेट २० किलो धरा. एकक सांगितलंच नसेल तर विचारा, अंदाज करू नका. बुकिंग क्रमांक परत मिळतो.' कधी वापरू नये हे वाक्य लोक गाळतात, आणि मग दोन सारख्या टूलमध्ये एजंट गोंधळतो. संत्र्याच्या बहाराला मोकळा मजकूर ठेवू नका, एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, द्या : आंबिया, मृग. तारीख वर्ष-महिना-दिवस, सोबत एक नमुना. आणि आजची तारीख सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला सुरुवातीलाच दिलेल्या सूचनांत), नाही तर 'उद्या' कुठलाही निघतो. ग्राहक क्रमांक माहीत नसला की मॉडेल तो रचून देतं, म्हणून 'आधी ग्राहक_शोध चालवा' हे तिथेच लिहा.

वर्णन म्हणजे कुलूप नव्हे, हेही तेव्हाच कळलं. १०,००० किलोंच्या वरचं बुकिंग आता कोडच अडवतो आणि माणसाची मंजुरी मागतो. एररमध्ये नुसतं '४००' (विनंती चुकली, एवढंच सांगणारा आकडा) आलं तर एजंट तोच कॉल पुन्हा मारत बसतो. 'वजन मर्यादेबाहेर, किलोतच दिलंय का तपासा' असं आलं तर सुधारतो.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो : चाचणीची वाक्यं स्वतः रचू नका. आम्ही भाऊंच्या गादीवरच्या चॅटमधून ३० उचलली, त्यात कुठलंच टूल लागू नये अशी सहा. प्रत्येक वाक्य पाच वेळा चालवायचं, कुठलं टूल निवडलं आणि रकान्यात काय भरलं ते टिपायचं, एका वेळी एकच ओळ बदलायची. वर्णन लांबवत नेलं की प्रत्येक कॉलला टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर मॉडेलचे पैसे मोजले जातात) जातात, तेव्हा ज्या ओळीने निकाल हलत नाही ती काढायची.

गेल्या हंगामात एक जिनिंगवाले आमच्याकडे आले. एजंट आमचे ग्राहक नेणाऱ्या त्याच फर्मकडून घेतलेला, पण कापसाच्या गाठींचा हिशोब काही केल्या जुळेना. टूल उघडलं तर आत आमचंच वाक्य, जसंच्या तसं : 'एक कॅरेट २० किलो धरा'. जिनिंगमध्ये कॅरेट! ते खोडून पहिली ओळ लिहिली, 'एक गाठ १७० किलो', आणि बिल मात्र पूर्ण लावलं.