समासातलं टिंब

सहावीत असताना घरातलं एक काम माझ्याकडे होतं, बाबांना पत्र लिहिण्याचं. बाबा परळला गिरणीत होते. आईला अक्षरओळख नव्हती, आजोबांना नीट दिसत नव्हतं. महिन्यातून दोनदा आई १५ पैशांचं पोस्टकार्ड माझ्या पुढ्यात ठेवायची आणि हातातलं काम न सोडता म्हणायची, "लिही गो." मी लिहायचे, 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी.' यात अर्धं कार्ड भरायचं. उरलेल्या अर्ध्यात काय लिहावं ते सुचायचं नाही. आई तर बोलत असायची, गाय आटली त्याचं, आजोबांच्या खोकल्याचं, पावसात ढासळलेल्या गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं. पण ते पत्रात लिहायचं असतं असं मला वाटतच नव्हतं. पत्रात पत्रातलीच वाक्यं लिहायची, अशी माझी पक्की समजूत.

त्याच वर्षी, जून १९८१ मध्ये, आपल्या शाळेत मराठीला नवे सर आले. घाटावरचे. कोकणातला पाऊस त्यांनी आधी पाहिलेला नव्हता.

राजापूरच्या बाजारात पाणी भरणं आपल्याला नवं नाही. अर्जुना आणि कोदवली दोन्ही नद्या एकदम फुगल्या की जवाहर चौक पाण्याखाली जातो. त्या पावसाळ्यातही गेला. शाळा दोन दिवस बंद राहिली आणि उघडल्यावर सरांनी निबंध दिला, 'मी पाहिलेला पूर'. आम्ही खूश झालो, कारण हा निबंध गाईडात होता. 'नदीने रौद्र रूप धारण केले होते. जिकडे पाहावे तिकडे पाणीच पाणी. गुरेढोरे वाहून जात होती. निसर्गापुढे मानव किती क्षुद्र आहे!' अर्ध्या वर्गाच्या वह्यांत हेच होतं, माझ्याही.

सर रागावले नाहीत. वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते बाकांच्या मधे येऊन उभे राहिले आणि विचारू लागले. चौकात पाणी आधी कुठून शिरतं? वाढतंय हे दुकानदाराला कसं कळतं? रात्री वाढलं तर कोण उठवतं? बाजारातली मुलं एकावर एक बोलायला लागली. गटारातून पाणी उलटं वर येतं, ती पहिली खूण. मग तांदळाची पोती माळ्यावर चढवायची. रॉकेलची पिंपं दोरीने खांबाला बांधायची, नाहीतर तरंगत जातात. एकाच्या आजीने पायरीला खडूची रेघ मारून ठेवली होती आणि दर थोड्या वेळाने कंदील घेऊन ती रेघ बघायला जात होती. सर ऐकत होते. खरंच ऐकत होते, कारण त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तास संपताना एवढंच म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं. वहीत का नाही लिहिलंत?"

निबंध पुन्हा लिहायला लागला. माझी दुसरी खेप पहिल्यापेक्षा लहान झाली, पण त्यात आमच्या वाडीतून खाली दिसणारं पाणी होतं, चहासारख्या रंगाचं.

दिवाळीनंतर पत्रलेखनाचा धडा आला. वहीत चौकोन आखून 'अ. ब. क.' लिहायचं आणि काल्पनिक मित्राला सहलीचं वर्णन करायचं, ही रीत. सरांनी प्रत्येकाला खरं पोस्टकार्ड आणायला सांगितलं, खऱ्या पत्त्यासकट. माझं कार्ड वाचून त्यांनी विचारलं, "आई हे सांगत होती तेव्हा काय करत होती?"

"कुळीथ निवडत होती."

"कुठे बसून?"

"खळ्यात. आजोबा ऊन खात होते बाजूला."

"मायना आहे तसा राहू दे, तो मोठ्यांचा मान आहे. पण त्याखाली बाबांना खळं दिसू दे. ते तिथे नाहीत ना."

ते कार्ड गेलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत बाबाही. शिमग्याला ते ट्रंक घेऊन गावी आले. ट्रंकेत माझी सगळी कार्डं सुतळीने बांधलेली होती. परळला गावातल्या लोकांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत दहा-बारा जण राहायचे. "ते कुळथाचं कार्ड मी सगळ्यांना वाचून दाखवलं," बाबा म्हणाले, "दोनदा वाचायला लावलं." त्या वर्षी आमच्या घरात आनंदाचं फार काही घडलं नाही. म्हणून हे मला जास्त आठवतं.

सर आम्हाला दहावीपर्यंत होते. रोज पाच ओळींची त्यांची एक वेगळी वही असायची. विषय त्यांचा नसे, अट असे, की काल पाहिलेलं किंवा ऐकलेलं, आणि त्यात 'सुंदर', 'छान', 'रम्य' हे शब्द नाहीत. पाच ओळी हे माप फार विचाराने ठरवलेलं होतं, असं आज वाटतं. ज्याला लिहायची भीती वाटते त्यालाही पाच ओळी जमतात. आणि रोज चाळीसेक वह्या तपासणं एका माणसाला झेपतं.

त्यांची तपासणी कुणाहूनही वेगळी होती. ते चूक दुरुस्त करत नसत. चूक असेल त्या ओळीसमोर समासात लाल टिंब द्यायचे, बस. चूक वेलांटीची आहे, विरामचिन्हाची आहे, की वाक्य स्वतः पाहून-ऐकून न लिहिता साचेबंद लिहिलंय, ते आपण शोधायचं. सापडलं नाही तर शेजाऱ्याला विचारायचं. तरी नाही सापडलं तर ओळ मोठ्याने वाचायची. मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक वेळा चूक निघायचीच. बाकीच्या विषयांच्या वह्या लाल शाईने भरून यायच्या आणि आम्ही गुण बघून मिटायचो. मराठीच्या वहीतली ओळ मात्र आम्ही चार-चार वेळा वाचायचो.

शुद्धलेखनाचे नियम त्यांनी पाठ करून घेतले नाहीत. फळ्यावर जोड्या लिहिल्या: विहीर, विहिरीत, फूल, फुलाला, गरीब, गरिबाचा. मग खडू आमच्या हाती दिला, "काय होतंय ते सांगा." शेवटचं अक्षर लांबलं की आधीची वेलांटी किंवा उकार आखडतो, हे मागच्या बाकावरच्या मुलीने शोधलं. सरांनी तो नियम वर्षभर तिच्या नावाने सांगितला. एकदा मी आजोबांचा जुना कागद नेला होता, त्यात 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार. मला वाटलं, आजोबा अशुद्ध लिहायचे. सरांनी सांगितलं की त्या काळी तसंच लिहायचे. शासनाने नवे नियम १९६२ मध्ये मान्य केले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबांना हे वाचून दाखवल्यावर ते कितीतरी वेळ मान हलवत होते.

आणि आमचे शब्द. सरांना 'बाव' म्हणजे विहीर हे माहीत नव्हतं, 'तरवा' म्हणजे भाताची रोपं माहीत नव्हतं, 'पऱ्या' म्हणजे ओढा माहीत नव्हतं. ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायचे. आमच्यातल्या एकाने 'बाव' खोडून 'विहीर' केलं तर त्यांनी ते पुन्हा 'बाव' करायला लावलं. घरातली भाषा शाळेत आणायची लाज ज्या मुलांना वाटायची, ती आठवीनंतर सगळ्यात मोकळं लिहू लागली. लेखन शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने एवढी एकच गोष्ट केली तरी पुष्कळ, असं माझं मत आहे.

एका बाबतीत मात्र माझं त्यांच्याशी आजही पटत नाही. 'फुलाचे मनोगत', 'सूर्य उगवला नाही तर' असले कल्पनेचे निबंध त्यांना आवडत नसत, ते भराभर उरकायचे. काही मुलांचं डोकं तिथेच चालायचं, त्यांच्या वाट्याला तेवढा वेळ आला नाही. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर मात्र त्यांनी परीक्षेचं सगळं नेटाने करून घेतलं. उताऱ्याचा सारांश एक तृतीयांशात बसवायला शिकवताना ते म्हणायचे, "काय गाळलंत ते मला सांगा, काय ठेवलंत ते मी वाचीन."

मी पुढे परिचारिका झाले, मुंबईत. रात्रपाळी संपताना सकाळच्या बाईंसाठी प्रत्येक रुग्णाची नोंद लिहावी लागते. ती इंग्रजीत असते. पहिल्या वर्षी मीही सगळ्यांसारखं लिहायचे, 'रुग्णाची प्रकृती ठीक, झोप चांगली.' एका पहाटे असंच लिहिताना हात थांबला. सकाळच्या बाई रात्री इथे नव्हत्या. मी लिहिलं, २ वाजता जागे झाले, दोन घोट पाणी घेतलं, डाव्या कुशीवर वळताना पोट धरलं. त्या पोट धरण्यावरून डॉक्टरांनी राउंडला पुन्हा तपासणी केली. तेव्हापासून मी 'ठीक' हा शब्द नोंदीत वापरला नाही. हाताखाली नव्या मुली आल्या की त्यांच्या सरावाच्या नोंदींना मी शेजारी टिंब द्यायचे. पहिले काही दिवस त्या चिडायच्या.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी जुन्या वह्या मागवल्यात म्हणून माझी सहावीची वही पाठवते आहे. पुराचा दुसऱ्या खेपेचा निबंध तिच्यात आहे. शेवटून दुसऱ्या ओळीसमोर एक टिंब आहे, आणि त्याची चूक मला तेव्हा सापडली नव्हती. सरांना विचारायचं राहून गेलं. ओळ अशी: 'पाणी ओसरल्यावर बाजारात फक्त चिखल उरला.' वेलांट्या बरोबर आहेत, पूर्णविराम आहे. गेल्या आठवड्यात वही बांधायला घेतली तेव्हा ती ओळ मोठ्याने वाचली आणि 'फक्त'वर अडखळले. पाणी ओसरल्यावर मी आईबरोबर बाजारात गेले होते. कापडाचे तागे पुलाच्या कठड्यावर वाळत घातलेले होते. एक दुकानदार भिजलेल्या वह्यांची पानं एकेक सुटी करत बसला होता. आणि पायरीवर ती आजी खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसत होती.

(माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९८६)